खालच्या कडेची उत्तरं

१

फळा चोरीला गेला. आता तुम्ही म्हणाल, सोनं गेलं, गाडी गेली, गेलाबाजार मोबाइल गेला तर ती चोरी. लाकडी फळा कोण कशाला चोरेल? पण बुधवारी दुपारी तीन वाजता हलगेकर सर वडगावच्या त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, तेव्हा कट्ट्यामागच्या भिंतीत नुसते दोन खिळे होते, आणि खिळ्यांखाली फळ्याएवढा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता. सर त्या चौकोनाकडे बघत राहिले. बायको गेली त्या दिवशी रिकाम्या खाटेकडे बघत राहिले होते, तसेच.

मार्तंड हलगेकर यांनी हायस्कुलात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा राघवेंद्र बंगळूरला. घरात बोलायला कोण, तर कुकरची शिट्टी. पहिलं वर्ष सरांनी भिंतींकडे बघत काढलं. मग एक दिवस मंडळाचा सुविचाराचा फळा धूळ खात पडलेला दिसला, तो त्यांनी पुसला आणि त्यावर लिहिलं: ‘पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगा. त्यात बी आणि आर ही अक्षरं हवीत.’

गल्लीनं वाचलं आणि सोडून दिलं. यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाला एवढी फुरसत? पण सर साडेअकराला वाचनालयातून परत आले तर फळ्याच्या अगदी खालच्या कडेला, खडूनं, गोल वळणाच्या अक्षरांत एक शब्द लिहिलेला होता. ‘ब्रेड’. खाली नाव नाही, गाव नाही.

तेव्हापासून दोन वर्षं हाच क्रम चालला. सकाळी सातला सर दोन अक्षरं द्यायचे, साडेअकराला उत्तर हजर असायचं. कोण लिहितं ते सरांनी कधी लपून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायला ते भीतच होते. उद्या कळलं की एखादं पोर गंमत करतंय, तर मग दिवसभरात वाट बघायला उरलं काय?

पण येत्या रविवारी सर बंगळूरला निघणार होते, कायमचे. म्हणून बुधवारी सकाळी त्यांनी धीर करून लिहिलं: ‘रविवारी मी मुलाकडे जात आहे. इथे उत्तरं लिहिणाऱ्याने एकदा समोर यावे. माझी शब्दवही त्याला द्यायची आहे. आजची अक्षरं: ए आणि ई.’

शब्दवही म्हणजे सरांचा जन्माचा उद्योग. जाडजूड, कापडी पाठीचं रजिस्टर. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोन अक्षरं, आणि खाली ती दोन्ही अक्षरं असलेले, सरांना सापडलेले पाच अक्षरी शब्द. नोकरीला लागल्या वर्षी सुरू केलेलं. राघवेंद्र म्हणाला होता, “बाबा, हे सगळं फोनवर एका सेकंदात मिळतं.” त्यावर सर दोन दिवस जेवले नव्हते.

आता ती वही द्यायची तर घेणारा कोण? आणि फळाच नाही म्हटल्यावर तो कळणार कसा? हातात चार दिवस होते.

सरांनी चष्मा पुसून जागा नीट बघितली. फळ्याची सुतळी खिळ्यांना गाठ मारून बांधलेली असायची. ती कुणी तोडली नव्हती. दोन्ही गाठी नखांनी सोडवल्या होत्या. खडूचा डबा झाकण लावून कट्ट्याच्या कोपऱ्यात सारून ठेवलेला होता, पुसणीसकट. कुणी खोडसाळपणा केला असता तर फळा फुटून गटारीत पडला असता. हा चोर हलक्या हाताचा होता. आणि त्याला फळ्याची किंमत माहीत होती.

“म्हणजे,” सर स्वतःशीच पुटपुटले, “ज्यानं उत्तरं लिहिली, त्यानंच फळा नेला.”

पण का?

२

सरांनी घरी येऊन कागद घेतला. पाच अक्षरी शब्द शोधायची त्यांची एक रीत होती: जी अक्षरं बसत नाहीत ती आधी काढून टाकायची, उरलेल्यांना जागा द्यायची. माणसांनाही तीच रीत लावायचं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी साडेअकराला ते फळ्यापाशी आले तेव्हा उत्तर आलेलं नव्हतं. कट्ट्यावर कोण कोण होतं? एक भरमा, समोरच्या चार पॉवरलूमचा मालक. दुसरे मारुतीराव, मंडळाचे सेक्रेटरी. तिसरी ऋतिका, कॉलेजात जाणारी, बसची वाट बघत होती. सरांनी तीन नावं एकाखाली एक लिहिली. आणि भाजीवाल्या होत्या, पण त्या काय, त्या रोजच्याच. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आधी भरमा. त्याचा त्या फळ्यावर रागच होता. लोक वाचायला थांबले की त्याच्या दारात गर्दी व्हायची.

भरमा माग बंद करून बाहेर आला, कानातला कापूस काढत. “सर, तुमचा फळा मी कशाला नेऊ? माझ्या घरात हाय तेवढं लाकूड मलाच जड झालंय.”

“तू शेवटचा कधी पाहिलास?”

“बाराला माग बंद करून जेवाय गेलतो, तवा व्हता. अडीचला आलो तर न्हाय. मला वाटलं तुमीच काढला, जाणार म्हणून.”

“मधल्या वेळात इथं कोण होतं?”

“कोन असतंय दुपारचं? माग बंद, गल्ली बंद. भाजीवाल्या साडेबाराच्या बसला बुट्ट्या घेऊन जात्यात, मग कुत्रंसुदिक नसतंय.” मग तो ओशाळून हसला. “सर, खरं बोलू? मी सकाळी बोललो त्ये चुकलंच माझं.”

“काय बोललास?”

“तुमी व्हतासा की तितं! मी म्हटलं न्हाय का, सर, उद्या मी दाराआड बसतो आणि त्यो खडूवाला आला की बकोट धरून तुमच्यापुढं आणतो, सगळ्या गल्लीदेखत? मारुतीरावबी हसलं, तुमीबी हसलासा.”

हसलो खरे, सरांना आठवलं. बरं वाटलं होतं तेव्हा.

म्हणजे उत्तरवाल्यानं ते ऐकलं होतं. तो त्या वेळी तिथेच कुठंतरी होता, दहा पावलांच्या आत. सर भरमाच्या नावावर काट मारून बाहेर पडले आणि त्या पांढऱ्या चौकोनापुढे परत उभे राहिले. तेवढ्यात त्यांना एक साधी गोष्ट सुचली, जी दोन वर्षं सुचली नव्हती. फळा त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर असायचा. मधे चिक्कार जागा असायची. मग उत्तर नेहमी खालच्या कडेलाच का?

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, धोतर सावरलं आणि कट्ट्यावर बसून मागं हात केला. हात बरोबर तिथंच पोचला, जिथं रोज उत्तर असायचं.

लिहिणारा उभा राहतच नव्हता. तो बसून लिहीत होता.

३

गुरुवारी सकाळी ऋतिका भेटली. ती फोनवर तसलाच शब्दांचा खेळ खेळायची, त्यामुळं सरांचा तिच्यावर फार संशय होता, आणि खोटं कशाला बोला, थोडी आशाही होती.

“सर, मी नाही हो!” ती म्हणाली. “मी असते तर फोटो काढून स्टेटसला नसता का ठेवला? आणि मी फळा कुठं नेणार, बसमध्ये उभं राहायला जागा नसते.”

सरांचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं असावं. ती कट्ट्यावर बसली. “दाखवा बरं उत्तरं. सगळी लिहून ठेवलीत ना?”

शब्दवहीच्या मागच्या पानांवर सरांनी रोजचा हिशेब ठेवला होता: तारीख, दिलेली अक्षरं, आलेलं उत्तर. ऋतिका बोट फिरवत वाचत गेली.

“माझ्या फोनवरच्या खेळात बरोबर उत्तर एकच असतं,” ती म्हणाली. “तुमच्या कोड्याला पन्नास असतात. मग त्या पन्नासातलं माणूस कुठलं उचलतो, त्यावरून तो कळायला पाहिजे. हे बघा, तुम्ही दिलं ओ आणि एन. मी पियानो लिहिलं असतं. इथं काय आहे? ओनियन. एल आणि डी: मी वर्ल्ड म्हटलं असतं, इथं फील्ड आहे. एच आणि ई: हाउस नाही, व्हीट. ए आणि झेड: मेझ. मेझ म्हणजे मका ना?”

“मका.”

“आणि हे? शीफ? हा तर मला माहीतच नाही.”

“कापलेल्या पिकाची पेंढी,” सर म्हणाले. हा शब्द आला त्या दिवशी तेही चमकले होते. आपल्या वहीत आहे का म्हणून त्यांनी ए आणि ई चं पान उघडून बघितलं होतं. होता. निळ्या शाईच्या यादीच्या शेवटी सात शब्द लाल शाईत लिहिलेले होते, त्यातला पहिलाच. हे सात तेवढे लाल का, ते मात्र सरांना काही केल्या आठवलं नव्हतं.

“सर, हा माणूस शेतातला आहे,” ऋतिका म्हणाली. “तुम्ही शहरात शोधताय.”

बस दिसली तशी ती उठली. जाताजाता म्हणाली, “काल सगळ्यांचंच काहीतरी बिनसलं होतं बघा. माझा एकच तास झाला, दुपारी दोनला मी कॉलेजातून येत होते, तर स्टॉपवर मालुमावशी दिसल्या. रोज लांबून हात करतात. काल केलाच नाही. रिकामी बुट्टी डोक्यावर, तरी दोन्ही हातांनी घट्ट धरून चालल्या होत्या.”

सरांनी मान डोलावली. पण त्यांचं लक्ष कुठं होतं? ते शेतातला माणूस शोधत होते. मनातल्या मनात त्यांनी त्याला जाड चष्मा दिला, पांढरा सदरा दिला, शेतीखात्यातून निवृत्त केलं आणि त्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलूनही घेतली.

घरी येऊन त्यांनी वहीचं मागचं पान पुन्हा उघडलं. उत्तर कधी आलं नाही, ते दिवस शोधायला घेतले. फार नव्हते. रविवार सुटीचे. एकदा बस बंद होत्या तो दिवस. आणि मग एकाखाली एक पाच फुल्या. गेल्या शिमग्यानंतरचे लागोपाठ पाच आठवडे, आणि प्रत्येक वेळी वार तोच.

पाच मंगळवार. फक्त मंगळवार.

४

“पाच मंगळवार?” मारुतीराव म्हणाले. “मास्तर, यात डोकं कशाला खाजवायचं? वार पाळले असणार.”

मारुतीराव शेतकऱ्याच्या घरातले. फळा त्यांनी नेला असेल असं सरांना मनातून वाटत नव्हतंच; मंडळाची वस्तू सेक्रेटरी चोरून कुठं ठेवणार? पण भेटायला हवं म्हणून सर शुक्रवारी सकाळी त्यांच्या अंगणात बसले होते. भुईमुगाच्या शेंगा फोडून समोर ठेवलेल्या होत्या.

“वार म्हणजे?”

“मास्तर, जन्म वडगावात गेला तुमचा आणि हे ठावं न्हाय? देवीची जत्रा भरायची असली की त्याच्या आधी गाव वार पाळतंय. त्या दिवशी शेतात पाय टाकायचा न्हाय, खुरपं धरायचं न्हाय, माल घेऊन गावाभायर जायचं न्हाय. आमीबी आषाढात पाळतोय की.”

सरांनी घाईघाईनं पान उलटलं. आषाढातल्या त्या दिवसांपुढं उत्तरं होती. एकही चुकलेलं नव्हतं.

“म्हणजे वडगावचा माणूस नव्हे.”

“न्हवंच. शिमग्याच्या पाठीमागं जत्रा भरली ती जांभळहट्टीची. एकोणीस वर्सांनी भरली. पाच मंगळवार पाळले त्यांनी, लई कडक. माझी मेव्हणी दिलीया तितं.”

जांभळहट्टी! सरांना त्या गावातलं कुणी म्हणता कुणी माहीत नव्हतं. “मारुतीराव, जांभळहट्टीचा कोणी शिकलेला माणूस रोज वडगावात येतो का? कुणी निवृत्त ऑफिसर वगैरे?”

मारुतीरावांनी शेंग तोंडात टाकायची थांबवली आणि सरांकडे असं बघितलं, जसं सर वर्गात गणवेश विसरलेल्या पोराकडे बघायचे.

“मास्तर, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुमी रोज वांगी कुणाकडनं घेता?”

सरांनी वहीचं ते पान पुन्हा उघडलं. त्यांना ते पाच मंगळवार आठवले. त्या पाचही दिवशी त्यांनी पिठलं खाल्लं होतं, कारण कट्ट्यावर भाजी नव्हती. एका जिवाची भाजी, मूठभर वांगी, अर्धी जुडी मेथी, ती देणारी बाई त्या दिवशी आलीच नव्हती. फळ्याखाली बसणारी. सकाळपासून साडेबारापर्यंत बसूनच असणारी. बकोट धरून आणतो म्हणाला भरमा, तेव्हा तिथंच, हातभर अंतरावर बसलेली. रिकामी बुट्टी आणि दोन्ही हात. दोन बाय तीन फुटांचा फळा बुट्टीखाली डोक्यावर आडवा ठेवला आणि वरून पोतं सोडलं की कुणाला काय कळतंय?

दोन वर्षं सर तिच्याकडून भाजी घेत होते. तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा त्यांनी प्रयत्न केला. हात आठवले, तराजू आठवला, हिरव्या बांगड्या नसलेलं मनगट आठवलं. चेहरा काही आठवेना, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

गुरुवारपासून ती आलीही नव्हती.

५

जांभळहट्टीची बस पाऊण तासात पोचली. सरांच्या पिशवीत शब्दवही होती. मनात, लपवायचं कशाला, थोडा दिमाखही होता. कोडं सुटलं होतं. एका अडाणी समजल्या गेलेल्या बाईच्या हाती आपण जन्माची कमाई सोपवणार; ती डोळ्यांना पदर लावेल; असं काहीबाही त्यांनी बसमध्ये रंगवलं होतं.

मालुबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. दार उघडंच. आत सोप्यात भिंतीला फळा टेकवून ठेवलेला, त्यावरचं सरांचं अक्षर जसंच्या तसं. तिनं एक काना पुसला नव्हता.

ती चुलीपुढून उठली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, सरळ नाकाची बाई. आत्ता कुठं सरांनी तिला धडपणे पाहिलं.

“बसा सर,” ती म्हणाली. दचकली नाही की घाबरली नाही. “कसं वळखलंसा?”

सरांनी सांगितलं. सोडवलेल्या गाठी, खालची कड, ओनियन आणि शीफ, पाच मंगळवार, दोन्ही हातांनी धरलेली बुट्टी. ती ऐकत होती आणि मधेच तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसूही आलं.

“वार न्हाय मोडता आला,” ती म्हणाली. “त्या मंगळवारी घरात बसून दिवस जाईना झालता. आज सरांनी कुठली दोन दिली असतील म्हणून आपलंच मनाशी खेळत बसायची. पोरगी आरोही नर्स झाली, पुण्याला गेली. मालक कवाच गेलं. घरात बोलाय कोन हाय?”

“मग फळा का नेलात मालुबाई? मी तर बोलावत होतो.”

“तुमी बोलावलासा. पण भरमाण्णा म्हटलं धरतो. सगळ्यांदेखत बकोट धरून आणतो.” तिनं पदर खोचला. “मला एकदा धरलंया सर, सगळ्यांदेखत. पुन्हा न्हाय सोसायचं.”

सरांना वाटलं ही काही घरची, सासरची गोष्ट असेल. विषय बदलावा म्हणून त्यांनी पिशवीतून वही काढून दोन्ही हातांनी पुढं केली. “घ्या. ही आता तुमची.”

मालुबाईनं हात पुढं केला नाही. वहीकडे बघून ती एक पाऊल मागं सरली.

“ती नगं. तिच्यापायीच धरलतं मला.”

“म्हणजे?”

“नववी अ. खिडकीजवळचा तिसरा बाक. मालू रवळू पाटील. वळख लागती का?”

लागेना. तेहतीस वर्षांत किती पोरं आली न गेली.

“तुमी स्पर्धा लावलती. ए आणि ई असल्याले पाच अक्षरांचे शब्द, जास्तीत जास्त लिहा. माझा काका मिलिटरीत व्हता, त्यानं चित्रांची डिक्शनरी आणलती. रात नाही दिवस नाही, मी त्यात डोकं घालून असायची. मी एकसष्ट लिहिले. तुमी पेपर बघितलासा आणि म्हटलासा, माझ्या वहीत चोपन्न हायत, गावातल्या पोरीला एकसष्ट कुठनं यायला? टेबलावर वही व्हती, त्यातनं चोरले. मला बकोट धरून पुढं आणलं. चाळीस पोरं. चोर म्हटलासा. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दप्तर माळ्यावर टाकलं आणि मला रानात भांगलणीला धाडलं.”

 बाई चुकत असेल, असं म्हणायला सरांनी तोंड उघडलं.

“वहीत चोपन्न व्हते सर,” मालुबाई शांतपणे म्हणाली. “चोपन्नातनं एकसष्ट कसं चोरायचं?”

सरांनी ए आणि ई चं पान उघडलं. निळ्या शाईतले शब्द त्यांनी बोटानं मोजले. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. त्याखाली लाल शाई सुरू झाली.

“वरचे सात कुठले होते,” त्यांनी विचारलं, “आठवतात?”

मालुबाईनं डोळे मिटले. लहान पोर पाढे म्हणतं तसं ती म्हणत गेली. “शीफ. ब्लीट. व्हीट. मेझ. स्पेड. वीव्ह. ग्रेझ.”

सरांचं बोट पानावरून एकेक ओळ खाली सरकत होतं. तेच सात. त्याच क्रमानं.

आणि मग सगळं आठवलं. ती संध्याकाळ, पेपरांचा गठ्ठा, हातात तपासायचं लाल पेन. पोरीच्या पेपरावर त्यांनी आडवी रेघ मारली होती. आणि मग, शब्द चांगले आहेत, वाया कशाला जावेत, म्हणून त्याच पेनानं वहीत उतरवून घेतले होते. पेपर खोटा ठरवला आणि शब्द मात्र खरे म्हणून ठेवून घेतले. छत्तीस वर्षं त्या लाल ओळी त्यांच्याच वहीत होत्या, आणि ते चोर बाहेर शोधत होते.

“मालू,” सर म्हणाले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. “तू चोरी केली नव्हतीस. मी केली होती.”

ती चुलीकडे वळली. तिनं विस्कटलेलं लाकूड आत सारलं.

“हितं म्हणून काय उपेग सर?” ती पाठमोरीच म्हणाली. “हितं ऐकाय कोन हाय? तवा चाळीस पोरं व्हती.”

६

शनिवारी सकाळी फळा पुन्हा दोन खिळ्यांवर होता. सरांनीच तो बसमधून मांडीवर घेऊन आणला होता आणि स्वतः बांधला. वहीही परत आणली होती; तिनं घेतली नव्हती. कोडं लिहायच्या जागी त्यांनी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘छत्तीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी मालू रवळू पाटील हिला चोर म्हटलं. तिने चोरी केली नव्हती. तिचे सात शब्द मी माझ्या वहीत घेतले आणि तिची शाळा घालवली. दोन वर्षं इथे उत्तरं लिहिणारी तीच. मार्तंड हलगेकर.’

भरमानं वाचलं, माग बंद केले, परत वाचलं. ऋतिकानं वाचलं आणि आज फोन काढला नाही. मारुतीराव म्हणाले, “मास्तर, एवढं चारचौघांत लिहायची गरज व्हती काय?” सर म्हणाले, “चारचौघांत नव्हे हो. चाळीस हवे होते. पण गल्लीत जमतील तेवढे.”

मालुबाई पहिल्या बसनं आली. फळ्याकडे तिनं बघितलं की नाही, कुणाला कळलं नाही. बुट्टी उतरवली, वांगी मांडली, पाणी शिंपडलं. सर लांबून बघत होते. साडेअकरा वाजले, साडेबारा वाजले. खालच्या कडेला काही आलं नाही. ती उठून गेली. कट्ट्यावर आलेल्या माणसांनी तिला वाट दिली, एवढंच.

त्या दुपारी सरांनी सामान बांधलं. घर एवढं गप्प झालं होतं की कुकरची शिट्टीसुद्धा त्यांनी वाजू दिली नाही. आपल्याला माफी मिळाली नाही, आणि ती मिळावी असं आपण काही केलंही नाही, हे त्यांना पटलं होतं. पटलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं?

रविवारी मालुबाई कधी यायची नाही. दहा वाजता राघवेंद्रनं गाडी गल्लीच्या तोंडाशी आणून लावली, तेव्हा कट्ट्यावर ती बसलेली होती. भाजी नव्हती. नुसती बसलेली होती.

फळ्यावर सरांच्या मजकुराच्या शेजारी लाल खडूनं बरोबरची भलीमोठी खूण केली होती, मास्तर पेपरावर करतात तशी. आणि फळ्याच्या मधोमध, उभं राहून लिहिलेल्या गोल वळणाच्या अक्षरांत होतं: ‘पाच अक्षरं. त्यात ए आणि ई हवीत. वहीत नसलेला शब्द द्या.’

“बाबा, उशीर होतोय,” राघवेंद्र गाडीतून म्हणाला.

“थांब रे जरा,” सर म्हणाले.

त्यांनी शब्दवही तिच्याशेजारी कट्ट्यावर ठेवली. या वेळी तिनं ती हातानं अलीकडे ओढली. मग सरांनी डब्यातून खडू घेतला. डोळ्यांपुढं धूसर झालं होतं, पण शब्द सुचला होता. ते तिच्यापासून हातभर अंतरावर कट्ट्यावर बसले, मागं वळले आणि खालच्या कडेला पहिलं अक्षर काढू लागले.

मालुबाईनं वहीचं पान उलटलं. मान वर न करताच ती म्हणाली, “खाली नगं, सर. मधी जागा हाय.”